ठोकळे जोडताना वर्ग एकत्र येतो का?

घरात मुलांच्या ठोकळ्यांचा डबा असेल तर आधी एक खेळ करून बघा, मग पुढचं वाचा. दोन माणसं घ्या आणि दोघांना अगदी सारखे आठ-आठ ठोकळे द्या. पाठीला पाठ लावून बसा. एकानं मनाला येईल तसं जोडायचं आणि जोडता जोडता सांगत जायचं, दुसऱ्यानं ऐकून तसंच करायचं. ऐकणाऱ्यानं अवाक्षर काढायचं नाही. पाच मिनिटांनी वळून बघा. बहुतेक वेळा दोघांच्या हातात दोन वेगळ्याच वस्तू असतात, आणि "मी नीट सांगितलं होतं" विरुद्ध "तू सांगितलंस तसंच केलं" हा वाद लगेच सुरू होतो.

आता हाच खेळ पुन्हा खेळा, पण ऐकणाऱ्याला प्रश्न विचारू द्या. "लाल म्हणजे मोठा लाल की छोटा?" "उजवीकडे, म्हणजे तुझ्या उजवीकडे?" एवढ्याशा बदलानं काय होतं ते तुम्हालाच दिसेल.

कंपन्यांमध्ये हे 'टीम बिल्डिंग' या नावानं चालतं. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर एक दिवस, दुपारी बुफे, संध्याकाळी ग्रुप फोटो. आता शाळांमध्येही ते येऊ लागलंय. मी एमएस्सीनंतर विज्ञान शिक्षणात पीएचडी करतेय आणि मोशी, चिखली, चाकण या पट्ट्यातल्या वर्गांत माझं जाणं-येणं असतं. तिथले शिक्षक मला सरळ विचारतात, "मॅडम, यानं खरंच काही होतं, की नुसता एक तास मजेत जातो?" माझं उत्तर असं: होतं, पण ते ठोकळ्यांमुळे होत नाही. कुणाला काय माहीत आहे, कुणाच्या हातात काय आहे आणि कुणाला बोलावंच लागतं, हे खेळात कसं ठरवलंय त्यावर सगळं अवलंबून आहे. नुसता डबा टेबलावर ओतला तर पाच जणांच्या गटात दोघं जोडतात, एक जण तुकडे शोधून देतो आणि दोघं बघत बसतात. ते दोघं कोण असणार, हे वर्गशिक्षिकेला आधीच माहीत असतं.

आमच्याकडे हा प्रश्न जरा जास्तच महत्त्वाचा आहे. इथल्या एका वर्गात बीड-लातूरकडची मुलं असतात, खेड तालुक्यातली गावची मुलं असतात, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कामगारांची असतात, कधी एखादं नेपाळी कुटुंब असतं. पुष्कळांचे आईवडील कंत्राटावर. कंत्राट संपलं की खोली बदलते, आणि खोली बदलली की शाळाही. जूनमध्ये जमलेला वर्ग जानेवारीत तोच राहत नाही. अशा वर्गात 'टीम' म्हणजे भिंतीवर लावायचा सुविचार नव्हे. जानेवारीत आलेल्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलायला कुणी मिळतं की नाही, इतकी ती साधी आणि गंभीर गोष्ट आहे.

सांगणारा, करणारा आणि मधला पडदा

सुरुवातीचा खेळ मी शोधलेला नाही. हर्बर्ट क्लार्क आणि मेरेडिथ क्रिच या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एक माणूस लेगोचं मॉडेल कसं जोडायचं ते सांगायचा, दुसरा जोडायचा. काही जोड्यांमध्ये सांगणाऱ्याला जोडणाऱ्याचं टेबल दिसत होतं, काहींमध्ये मध्ये पडदा होता, आणि काही जोडणाऱ्यांना नुसती टेप ऐकवली होती. पडदा असला की काम खूपच मंदावलं. टेपवरून जोडणाऱ्यांच्या चुका कितीतरी वाढल्या.

यातला पडद्यापेक्षा टेपचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. टेपवरच्या सूचना चुकीच्या नव्हत्या. पण ऐकणारा गोंधळला तर टेप थांबत नाही. समोरासमोर बसलेली माणसं मात्र सतत छोटी छोटी दुरुस्ती करत असतात. एकानं ठोकळा उचलून नुसता हवेत धरायचा, दुसऱ्यानं "हां, तोच" म्हणायचं. वाक्य अर्धवट सोडायचं, कारण समोरच्याला कळलंय हे दिसतंय. बोलणं हे दोघांनी मिळून करायचं काम आहे, असं क्लार्क यांचं म्हणणं. आपल्या वर्गातल्या पस्तीस मिनिटांच्या तासाला लावून बघा. किती मिनिटं आपण टेप असतो?

क्लार्क यांचाच डिॲना विल्क्स-गिब्स यांच्याबरोबर केलेला १९८६ चा एक जुना अभ्यास आहे. त्यात ठोकळे नव्हते, टॅनग्रामच्या विचित्र आकृत्या होत्या. त्याच जोडीनं त्याच आकृत्यांचं सहा वेळा वर्णन करायचं. पहिल्या फेरीत एका आकृतीसाठी सरासरी चाळीसेक शब्द लागले, सहाव्या फेरीत आठच्या आसपास. म्हणजे दोघांनी मिळून त्या आकृतीला नाव पाडलं होतं.

वर्गात हे डोळ्यांसमोर घडतं. ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांना मराठीत शब्द नाही. एका पाचवीच्या वर्गात मुलांनी पहिल्या दहा मिनिटांत त्यांना 'टिकल्या' म्हणायला सुरुवात केली. शेजारच्या गटात 'बटन'. एक मुलगी महिन्याभरापूर्वीच बिहारमधून आली होती आणि वर्गात फारशी बोलत नव्हती. चिठ्ठीवरचं चित्र फक्त तिच्याकडे होतं, त्यामुळे तिला बोलण्यावाचून पर्याय नव्हता. "चार टिकलीवाला, पीला, इधर." समोरचा म्हणाला, "इधर म्हणजे कुठं?" ती थांबली आणि म्हणाली, "खिडकी की तरफ." तिथून पुढं त्या जोडीत डावं-उजवं उरलंच नाही. 'खिडकीकडं', 'फळ्याकडं', 'दाराकडं' एवढंच. भूमिती म्हणून बघितलं तर हे डाव्या-उजव्यापेक्षा चांगलं आहे, कारण खिडकी दोघांसाठी एकाच जागी असते. निर्देशांक शिकवताना आपण वर्गाला हेच पटवून देत असतो.

एका तासानं ती मुलगी बोलकी झाली असं मी म्हणणार नाही. पण त्या वर्गात 'टिकली' हा शब्द तिच्याही मालकीचा झाला.

तीन कामं, तीन माणसं

जोडीकडून गटाकडे जायचं तर सर्वांत उपयोगी रचना आली ती अनपेक्षित ठिकाणाहून. डॅनिएल लगॉफ या मानसशास्त्रज्ञानं स्वमग्न मुलांसाठी ठोकळ्यांवर आधारलेली पद्धत तयार केली आणि २००४ मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्यात तीन भूमिका असतात. इंजिनिअरकडे नकाशा असतो, पण तो ठोकळ्यांना हात लावत नाही. सप्लायरकडे डबा असतो, तो सांगितलेला तुकडा शोधून देतो. बिल्डर जोडतो, पण त्याला नकाशा दिसत नाही. ठरावीक वेळानं भूमिका बदलायच्या. लगॉफनं मोजणी कुठं केली हे बघण्यासारखं आहे. ठोकळ्यांच्या खोलीत नाही, तर शाळेच्या सुट्टीत, जिथं कुणी सूचना देत नव्हतं. तिथं मुलं स्वतःहून दुसऱ्यांकडे जातात का आणि किती वेळ सोबत राहतात, हे त्यानं बघितलं आणि त्यात वाढ दिसली. पुढं २००८ मध्ये केंब्रिजच्या गटानं ही पद्धत दुसऱ्या एका पद्धतीशी ताडून बघितली, तेव्हाही निकाल ठोकळ्यांच्या बाजूनं होते. हे निकाल स्वमग्न मुलांचे आहेत, ते जसेच्या तसे सगळ्या वर्गाला चिकटवू नका. पण रचना उचलायला हरकत नाही.

चाकणच्या मुलांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही. ड्रॉइंग एकाकडे, स्टोअर दुसऱ्याकडे, लाइनवर तिसरा. घरी रोज हेच ऐकलेलं असतं: "आज मटेरियल आलं नाही म्हणून लाइन बंद होती." एका गटानं तर बिल्डरला सरळ 'फिटर' करून टाकलं.

एक सूचना अनुभवातून. भूमिका मुलांना निवडू दिल्या तर दर वेळी तेच फिटर होतात. घंटा लावा, दहा मिनिटांनी सगळ्यांनी एक जागा सरकायचं. वाद मिटतो.

वरच्या वर्गांसाठी मी याचाच पुढचा खेळ सुचवते, आणि त्यासाठी गणिताचा तास वापरते. चार मुलं एका ओळीत बसवा. दहा छोट्या गाड्या बनवायच्यात आणि प्रत्येक मुलाचं गाडीमागे १० सेकंदांचं काम आहे. पहिली पद्धत: प्रत्येकानं दहाही गाड्यांचं आपलं काम संपवायचं आणि मगच ढीग पुढं द्यायचा. मग दहा गाड्या व्हायला ४०० सेकंद लागतात आणि पहिली तयार गाडी ३१० व्या सेकंदाला दिसते. दुसरी पद्धत: एक गाडी झाली की लगेच पुढं. पहिली गाडी ४० व्या सेकंदाला, सगळ्या दहा १३० सेकंदांत. माणसं तीच, हातांचा वेग तोच. मुलांना हे आधी पटत नाही, मग ती कागदावर आकडे मांडतात. वाहन उद्योगातलं एकेक नग पुढं सरकवण्याचं तत्त्व ते हेच, आणि कारखान्यांच्या प्रशिक्षणातही ते ठोकळ्यांनी शिकवतात.

आता यात एक गोष्ट घाला. चाकं बसवायचं काम तिसऱ्या मुलाकडे द्या, ज्याला २० सेकंद लागतात. बाकीचे तिघं कितीही भराभर हात चालवू देत, दर २० सेकंदांनीच एक गाडी बाहेर येणार. तिसऱ्यासमोर ढीग साचतो आणि गट ओरडायला लागतो, "अरे लवकर कर ना!" इथं थांबवा. जागा बदला, ओरडणाऱ्यालाच चाकांवर बसवा. ढीग तिथंच साचतो. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: चाकांमधलं थोडं काम दुसऱ्याला देता येईल का? शॉपफ्लोअरवर याला लाइन बॅलन्सिंग म्हणतात. वर्गात 'हा स्लो आहे' असा शिक्का एखाद्या मुलावर वर्षानुवर्षं बसलेला असतो, तो हलवायला मला याहून चांगला खेळ अजून सापडलेला नाही.

तास संपल्यावर

तास संपला की आपण काय करतो? पुढं 'ब' तुकडी यायची असते, म्हणून सगळी मॉडेलं मोडून डब्यात टाकतो. त्याबद्दल एक प्रयोग आहे. डॅन एरिअली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लोकांना पैसे देऊन लेगोच्या छोट्या बाहुल्या जोडायला लावल्या. पहिल्या बाहुलीचे दोन डॉलर, पुढच्या प्रत्येकीला ११ सेंट कमी, थांबायचं कधी ते आपलं आपण ठरवायचं. एका गटाच्या बाहुल्या टेबलावर मांडून ठेवल्या. दुसऱ्या गटाची बाहुली, पुढची जोडत असतानाच, समोर बसून मोडली जायची आणि तेच तुकडे परत द्यायचे. पहिल्या गटानं सरासरी १०.६ बाहुल्या जोडल्या, दुसऱ्यानं ७.२. पैसे दोघांना सारखेच. (एरिअली यांचा एक वेगळा, प्रामाणिकपणावरचा निबंध डेटाबद्दलच्या गंभीर शंकांमुळे २०२१ मध्ये मागे घेतला गेला, हेही सांगून ठेवते. हा प्रयोग त्यातला नाही.)

म्हणून मोडायचंच असेल तर मुलानं स्वतः मोडावं, आणि त्याआधी फोनवर एक फोटो घ्यावा. एका शाळेत खिडकीच्या कट्ट्यावर गटांची मॉडेलं पुढच्या वर्गाला बघायला ठेवतात. ठोकळे थोडे जास्त लागतात, पण वसूल होतात.

किटबद्दलही बोलायला हवं, कारण शाळांचा पैसा तिकडेच जातो. चित्रं बघत पायरी-पायरीनं जोडायचं किट आणि मोकळे ठोकळे यांत फरक आहे. पेज मोरो आणि मारित एंगेसेत यांच्या २०१६ च्या अभ्यासात, ज्यांनी सूचना पाळत किट जोडलं ते त्यानंतरच्या सर्जनशील कामात मागे पडले. मोकळं जोडणाऱ्यांचं तसं झालं नाही. किट वाईट आहे असा याचा अर्थ नाही. नकाशा वाचायला ते उत्तम, लगॉफच्या इंजिनिअरला तेच लागतं. पण सकाळी किट आणि लगेच त्यानंतर 'आता नवीन कल्पना सुचवा', हा क्रम टाळावा. आणि महागड्या किटचं आणखी एक दुखणं. मी बघितलेल्या एका शाळेत ते कुलपात होतं, तुकडे हरवतील म्हणून. हरवतील अशी भीती वाटणार नाही एवढंच महाग सामान वर्गात आणावं, असं माझं मत झालंय.

साध्या ठोकळ्यांत काय कमी आहे? दोन बाय चार टिकल्यांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात. तीन असतील तर १,०६०. सहा असतील तर ९१,५१,०३,७६५. डेन्मार्कमधले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकावर हे मोजलं. त्याआधी कंपनी सुमारे १० कोटी २९ लाख हा आकडा सांगायची, पण त्यात फक्त सहा मजली मनोरेच धरले होते. म्हणून वर्गातल्या चाळीस जणांना तेच सहा ठोकळे देऊन "बदक करा" म्हटलं की चाळीस निराळी बदकं होतात. मोठ्यांच्या कार्यशाळांमधला हा लोकप्रिय खेळ आहे. त्यातला एक नियम उचलण्यासारखा: प्रत्येकानं जोडायचं आणि प्रत्येकानं आपल्या बदकाबद्दल बोलायचं. दुसऱ्याच्या बदकावर शेरा नाही, फक्त प्रश्न.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक. ठोकळ्यांचा एक मनोरा, त्यावर छप्पर, आणि छप्पर एका कोपऱ्यात एकाच ठोकळ्यावर टेकलेलं. ते डगमगू नये असं करा; प्रत्येक नव्या ठोकळ्याला पैसे पडतील. अमेरिकेत गॅब्रिएल ॲडम्स, लायडी क्लॉट्झ आणि सहकाऱ्यांनी हे करून बघितलं आणि २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. तो एक ठोकळा काढून टाकला की छप्पर खाली नीट बसतं, फुकटात. पण ते सुचलं ४१ टक्के लोकांना. "काढायला पैसे पडत नाहीत" एवढं आठवण करून दिल्यावर ६१ टक्क्यांना. डिझाइन विभागातल्या एखाद्या पालकाला हा खेळ घ्यायला वर्गात बोलवा. काम तेच ठेवून भाग कमी करायचे, ही त्यांची रोजची डोकेदुखी असते.

ठोकळे नसतील तर

लेगोच्या ठोकळ्याचं मूळ पेटंट २८ जानेवारी १९५८ चं, त्याची मुदत कधीच संपली. त्यामुळे तसेच बसणारे ठोकळे इतरही बनवतात. घेताना चार ठोकळे जोडून-काढून बघा. पकड कुठं घट्ट, कुठं सैल असेल तर साच्याची अचूकता गेलेली आहे. भोसरीतला कुठलाही टूलरूमवाला हे हात लावून सांगेल. आणि मुलांना सांगा, हे बहुधा एबीएस प्लास्टिक आहे, गाडीच्या डॅशबोर्डमध्येही तेच वापरतात.

तेही परवडत नसेल तर आपल्याकडे घरचाच नमुना आहे. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरीला होते. १९७८ मध्ये ते रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले. तिथं सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काड्यापेटीच्या काड्या यांचे जोड तयार झाले. नळीचा छोटा तुकडा म्हणजे सांधा, काडी म्हणजे दांडा. पुढं २००३ पासून दशकभर ते आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात होते, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी आता जगभर माहीत आहेत, पण ट्रकच्या कारखान्यातून निघालेला माणूस काड्यांकडे वळला हे मला आपल्या पट्ट्याच्या दृष्टीनं फार बोलकं वाटतं.

काड्यांमध्ये एक गुण ठोकळ्यांपेक्षा सरस आहे. चार काड्यांचा चौकोन करा, तो हातात लवतो, तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण लवत नाही. चौकोनाला एक कर्ण लावा, ताठ होतो. शेडचे ट्रस मुलं रोज बघतात, त्यांच्यात त्रिकोण का असतात हे हातालाच कळतं. ठोकळा मुळातच ताठ असतो, तो हे शिकवू शकत नाही. काड्यांचं गुल आधी खरवडून टाका. आणि तीन भूमिकांचा खेळ इथंही तसाच चालतो: एकाकडे चित्र, एकाकडे काड्या-नळ्या, एक जोडणारा.

करून बघायचं असेल तर सुरुवात लहान ठेवा. एक तास, चार-चारचे गट: इंजिनिअर, स्टोअर, फिटर आणि चौथा निरीक्षक. प्रत्येक गटाला २४ ठोकळे. पडद्याला बुटांचं खोकं पुरतं. निरीक्षकानं फक्त मोजायचं, कुणी किती प्रश्न विचारले. शेवटी कुणाचं मॉडेल जुळलं हे विचारण्याआधी तो कागद वाचायला लावा. उरलेल्या पाच मिनिटांत हे कोडं द्या: ठोकळ्याची उंची टिकल्या सोडून ९.६ मिलिमीटर, दोन टिकल्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर. तर किती ठोकळे एकावर एक रचले म्हणजे उंची टिकल्यांच्या पूर्ण संख्येशी जुळेल? लसावि आठवणारे कागदावर करतील, बाकीचे रचून आडवं ठेवून मोजतील, आणि दोघंही पाचावर येतील. मग ठोकळे मोजून परत डब्यात. गटागटानं मोजायचे, २४ भरल्याशिवाय झाकण लावायचं नाही.